काल्याचा माइक

काशीरामने नव्याकोऱ्या हेडसेटच्या वायरवर कटर ठेवला आणि कच्चकन दाबला. समोर उभ्या असलेल्या दीपकने डोळे मिटून घेतले.

"भाऊ, परवा पार्सल आलं हो ते!"

"मग काय हळदकुंकू वाहू त्याला?" काशीराम चष्म्यावरून बघत म्हणाला. "हेडसेट आणलास तीन पिनांचा, डबा आणलास चार पिनांचा. घ्यायच्या आधी विचारायचं तरी, बाबा रे, हे त्याला बसतं का?"

"ऑनलाइन घेतलं. दोन्हीला रेटिंग चांगलं होतं. आणि हा हेडसेट कातडीच्या रंगाचा आहे, व्हिडिओत दिसत नाही."

काशीरामने कपाळाला हात लावला. उंबरकोंडच्या सप्ताहाला गेली अठरा वर्षं त्याचाच स्पीकर जात होता. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीतून टेम्पो निघायचा, कर्णे-पेट्या सगळं वाडीत चढायचं आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आटोपलं की खाली यायचं. अठरा वर्षांत एकदाही आवाज गेला नव्हता. लाइट गेली, जनरेटर बसला, एकदा माकडाने कर्ण्याची तार ओढली, पण उंबरकोंडच्या मांडवात आवाज बंद पडला असं कोणी म्हणू शकलं नाही. हे काशीराम स्वतःच चारचौघांत इतक्यांदा सांगायचा, की त्याची बायको मंजुळा ते ऐकलं की चहा ठेवायला उठायची.

यंदा मुंबईकर मंडळाने रावजीबुवांना कॉर्डलेस भेट दिला होता. कमरेला एक छोटा डबा, त्याला सगळे पॅक म्हणत, आणि कानावरून गालाशी येणारा माइक. बुवा शहात्तर वर्षांचे. आता उभ्या माइकसमोर वाकून त्यांची पाठ भरते, म्हणून. भेट चांगलीच होती. फक्त पॅक एका कंपनीचा आणि हेडसेट दुसऱ्या कंपनीचा, हे मंडळाचा सेक्रेटरी असलेल्या दीपकच्या लक्षात आलं नव्हतं, आणि काला उद्यावर आला होता.

"त्या पॅकसोबत कॉलरचा माइक आलाय ना, तोच लावा मग," दीपक म्हणाला.

"कीर्तन पाहिलंयस का कधी जवळून? बुवा नाचतात. गळ्यात तुळशीची माळ, हार, वर उपरणं. कॉलरला माइक लावला तर गावाला नुसती माळेची खडखड ऐकू येईल. आणा, इकडे आणा तो पण."

काशीरामने कॉलरचा माइकही घेतला आणि त्याचीही वायर कापली. दीपकचे डोळे विस्फारले.

"बघू नकोस असा. ही चारची पिन महाडला दोन दुकानांत विचारली, नाय. कशेडीपलीकडं खेडला फोन केला, नाय. मागवली तर चार दिवस. मग ह्याचीच काढून त्याला लावायची, दुसरा इलाज नाय."

एवढं झाल्यावर खरा ताप सुरू झाला. तीनच्या पिनेत पहिली तार अर्थिंगची, दुसरी आवाजाची, तिसरी करंटची. चारच्यात पहिली अर्थिंगची, पण दुसरी करंटची आणि तिसरी आवाजाची, आणि चौथीला तिसरीशी जोडून गप्प बसवायचं. ह्या कंपन्यांत ज्याने कोणी हे असं ठरवलं, त्याला भर पावसाळ्यात दरड पडलेल्या कशेडीच्या घाटात नेऊन उभं करावं, असं काशीरामला मनापासून वाटत होतं. पिन तांदळाच्या चार दाण्यांएवढी. तिच्यावरचे आकडे समोरून वाचायचे आणि सोल्डर मारायचा मागून, म्हणजे सगळं उलटं. पहिल्यांदा जोडलं तर आवाजच नाही. दुसऱ्यांदा जोडलं तर घूंऽऽ अशी घरघर. काशीरामने सोल्डरिंग गन खाली ठेवली, त्या दोन्ही कंपन्यांना आईवरून एकेक शिवी दिली, पाणी प्यायला आणि तिसऱ्यांदा बसला.

दीपक स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. मध्येच म्हणाला, "भाऊ, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. कमिटीत बोलणं चाललंय. पुढच्या वर्षीपासून मुंबईचा साउंड आणायचा म्हणतायत. आणि बुवांचं पण वय झालं. काल्याला बाहेरचे मोठे महाराज बोलवायचे. ह्या वर्षी बुवांचं नीट झालं तर बघू."

"बुवांची नात हाय की. श्रुतिका. बुवांच्या हाताखाली तयार झालीय. गेल्या साली एकादशीला बोलली, मी ऐकलंय."

"मला काय प्रॉब्लेम नाही. पण गावकी ऐकत नाही ना! बुवांनी बैठकीत विषय काढला होता. चांगूबाबा म्हणाले, काल्याला बाई उभी राहत नाय आपल्याकडे. संपला विषय. सगळे माना खाली घालून बसले."

काशीराम परत पिनेवर वाकला. चौथ्या पायाला तिसऱ्याशी जोडणारा केसाएवढा तुकडा चिमट्यात धरून त्याने श्वास रोखला. टिंग. सोल्डर चमकला आणि निवला. पॅकला पिन लावून त्याने हेडसेटवर बोटाने टिचकी मारली. दुकानातल्या बॉक्समधून टक् असा स्वच्छ आवाज आला.

"हा सोल्डर," काशीराम म्हणाला, "मी मेलो तरी सुटायचा नाय."

दुपारी मांडवात चाचणी घेतली. उंबरकोंडचं देऊळ टेकाडाच्या पोटात आहे, पुढे पत्र्याचा सभामंडप. रावजीबुवा धोतर, बंडी आणि पांढरं उपरणं अशा वेषात आले, मागून श्रुतिका. ती महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होती, बिरवाडीत खोली घेऊन राहायची, आणि सप्ताहाला रजा काढून आजोबांच्या मागे टाळ घेऊन उभी राहायची. तिच्यासाठी आणि बाकीच्या टाळकऱ्यांसाठी मागे एक उभा माइक ठेवला होता.

काशीरामने पॅक बुवांच्या बंडीच्या खिशात घातला आणि वीतभर वायर मोकळी सोडली, नाचताना ताण येऊ नये म्हणून. खिशात हाताला काहीतरी लागलं. चंची होती. आत पानसुपारी आणि लोखंडी अडकित्ता.

"बुवा, हे काढा. लोखंड जवळ आलं की खरखर येते."

"चंची नाय काढनार," बुवा म्हणाले. "कीर्तनात सुपारी खात नाय मी, पन अंगावर हवी. दुसऱ्या खिशात ठेवतो."

"ठेवा बाबा, जिथं ठेवायची तिथं ठेवा. हे बघा, हे वरचं बटण. दाबलं की आवाज बंद, परत दाबलं की चालू. खोकला आला तर उपयोगी पडंल. पण उगाच हात लावू नका. आता बोला काहीतरी."

बुवांनी घसा साफ केला आणि चाल धरली. पहिला शब्द कर्ण्यातून बाहेर पडला आणि ते थांबले. मान वर करून त्यांनी कर्ण्याकडे पाहिलं.

"हा माजा आवाज?"

"मग काय माझा?"

"एवडा कापतो?"

काशीराम वैतागला. सकाळपासून उपाशीपोटी तारा जोडाव्यात, आणि आवाज स्पष्ट आला तरी ह्यांची तक्रार! "बुवा, आधीचा माइक हातभर लांब असायचा, म्हणून कळत नव्हतं. हा गालाला चिकटलाय. हा श्वाससुद्धा ऐकवतो. हीच तर त्याची खुबी."

बुवांनी मान हलवली आणि परत सुरुवात केली. काशीरामने हेडफोन कानाला लावला. दुसऱ्या चरणाच्या मध्यावर बुवा अडखळले. हेडफोनमध्ये फक्त श्वास, आत-बाहेर, आत-बाहेर. मग पाठीमागून हलक्या आवाजात श्रुतिकाने पुढचे दोन शब्द सांगितले, अगदी सहज, सवयीचं असल्यासारखं, आणि बुवांनी ते उचलून चरण पुरा केला. मांडवात पाट मांडणाऱ्या बायकांना कळलंही नाही. काशीरामला कळलं. त्याने हेडफोन काढून ठेवला.

चाचणी झाल्यावर बुवा त्याच्याजवळ पाटावर टेकले. खिशाजवळची मोकळी वायर बोटांत धरून म्हणाले, "काशीराम, ही तार मदीच तुटली तर रे?"

"तुटायची नाय."

"नाय, पन तुटली तर?"

"तर आवाज बंद. डब्याचा दिवा हिरवाच राहील, पण आवाज नाय. डब्याला लावायला तो कॉलरचा माइकही नाय आता, त्याची पिन ह्याला लावलीय. परत जोडायचं म्हणजे अर्धा तास तरी मोडंल. पण बुवा, कशाला अभद्र बोलताय? अठरा वर्षांत..."

"अर्धा तास कोन थांबतो?" खांबाला टेकून बसलेले चांगूबाबा मध्येच म्हणाले. गावकीतला त्यांचा शब्द शेवटचा. ऐंशी वर्षांचं वय, पण कान तिखट. "उभं राहिलेलं कीर्तन थांबत नाय आपल्यात. बुवाला भोवळ आली तरी मागच्यानं पुडं येऊन पुरं करायचं. मग तो कोन का असंना."

"खरं हाय," रावजीबुवा म्हणाले. "कोन का असंना."

दुसऱ्या दिवशी दहाला कीर्तन उभं राहिलं. मांडव भरून माणसं बाहेर आंब्याखाली बसली होती. मुंबईकर, माहेरवाशिणी, बिरवाडीहून श्रुतिकाच्या कंपनीतल्या दोन मैत्रिणी. वर हंडी टांगलेली, एका बाजूला काल्याच्या लाह्यांचे टोप झाकून ठेवलेले. दीपक मोबाइलवर लाइव्ह करत होता. कातडीच्या रंगाचा हेडसेट खरंच दिसत नव्हता.

काशीराम मिक्सरवर बसला होता आणि त्याचं लक्ष शेजारच्या रिसिव्हरवर, पॅकचा आवाज पकडणाऱ्या पेटीवर, लुकलुकणाऱ्या आवाजाच्या दिव्याकडे होतं. बुवा बोलत होते. श्वास ऐकू येत होता, कंप ऐकू येत होता. वीस मिनिटांत बुवा दोनदा अडखळले आणि दोन्ही वेळा मागून शब्द आला. दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. दीपकनेही मान वळवली. मग बुवांनी गोपाळांच्या खेळाचा प्रसंग लावला, "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत टाळकऱ्यांकडे हात केला, मृदंग उठला, सगळा मांडव टाळ्या धरून उभा राहिला. बुवा दोन पावलं मागे सरले आणि उपरण्याखाली हात घालून उभे राहिले.

गजर थांबला. बुवांनी तोंड उघडलं. कर्ण्यातून काहीच आलं नाही.

काशीराम झटकन पुढे वाकला. रिसिव्हरवर सिग्नलच्या काड्या पूर्ण होत्या, आवाजाचा दिवा मेलेला. त्याने बटणं फिरवली, केबल काढून लावली. काही नाही. माणसं मान वळवून त्याच्याकडेच बघायला लागली. मांडवाच्या टोकाला कोणीतरी हसलं. अठरा वर्षं! अठरा वर्षांचं सगळं ह्या तांदळाएवढ्या पिनेने मातीत घातलं.

तो धावत पुढे गेला आणि टाळकऱ्यांसमोरचा उभा माइक उचलून बुवांच्या तोंडाशी आणला.

"बुवा, ह्यात बोला. बोला लवकर."

बुवांनी माइकच्या तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षं असल्याच माइकसमोर उभा राहिलेला माणूस, पण त्यांनी तो माइक सावकाश मागे वळवला. गळ्यातला हार काढला आणि श्रुतिकाच्या गळ्यात घातला.

"माजा माइक गेला, गो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. उभा माइक आता तिच्यासमोर होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलंच. "उभं राहिलेलं कीर्तन थांबत नाय. तू पुरं कर."

सगळ्यांच्या माना चांगूबाबांकडे वळल्या. चांगूबाबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि काठीच्या मुठीकडे बघत बसले. श्रुतिकाचा चेहरा पांढरा पडला होता. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं. मग हातातले टाळ खाली ठेवले आणि गोपाळांचा प्रसंग जिथे सुटला होता तिथूनच उचलला.

काशीरामने बुवांना देवळामागच्या खोलीत आणलं. कुठे चुकलं? दुसरी, तिसरी, चौथी, सगळं बरोबर होतं. त्याने बुवांच्या खिशातून पॅक काढला. पिन जागच्या जागी होती. त्याने ती उघडली. सोल्डर चारही ठिकाणी चमकत होता. मग त्याने वायर ओढली आणि ती सहज हातात आली.

पिनेपासून वीतभर अंतरावर वायर तुटली होती. नाही, तुटली नव्हती. ताणाने तुटलेली तार पिसकटते, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. ही एका घावात कापलेली होती, आतलं तांबं सपाट आणि लखलखीत. वरच्या रबरावर सुपारीचा बारीक तुकडा चिकटला होता.

काशीरामने मान वर केली. बुवा पाटावर बसले होते आणि त्याच्याकडेच बघत होते. लपवण्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

तेवढ्यात दीपक आत आला, मागे कमिटीतले दोघे.

"भाऊ, ही काय फालतुगिरी? लाइव्हवर चारशे लोक बघत होते! मी मेलो तरी सोल्डर सुटायचा नाही म्हणालात ना? सुटला ना सोल्डर?"

काशीरामच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मुठीत पुरावा होता. ही वायर नुसती पुढे केली असती तरी पुरे होतं. त्याचा सोल्डर, त्याचा हात, त्याची अठरा वर्षं, सगळं शाबूत राहिलं असतं. संतापाने त्याचे कान तापले होते. कापायचीच होती तर मला का सांगितलं नाही? माझ्याच डोक्यावर का?

बाहेर श्रुतिका बोलत होती. कंप नव्हता. ती काहीतरी म्हणाली आणि बायकांच्या बाजूने हसू उठलं, मग पुरुषांच्या बाजूने. मृदंगवाल्याने तिच्या बोलण्याला हलकी थाप दिली. ह्या दोघाचौघांसमोर मूठ उघडली, तर पाच मिनिटांत ते बाहेर जाईल, आणि हार परत काढून घेतला जाईल.

"सुटला," काशीराम म्हणाला.

"काय?"

"सुटला म्हणतो ना! घाईत मारला होता, कच्चा राहिला. माझी चूक. झालं समाधान? आता काय लिहून देऊ?"

दीपक बघतच राहिला. काशीरामने स्वतःची चूक कबूल केल्याचं कोणीच कधी ऐकलं नव्हतं. "मग पुढच्या वर्षी आम्ही मुंबईचा साउंड बघतो," तो पुटपुटला आणि बाकीच्या दोघांना घेऊन बाहेर गेला.

खोलीत दोघेच उरले. काशीरामने वायरीचे दोन्ही तुकडे गुंडाळून स्वतःच्या खिशात कोंबले. मग एवढा वेळ कोंडलेलं बाहेर आलं, हळू आवाजात, पण दात खाऊनच.

"बुवा, काल दाखवलं होतं ना तुम्हाला? पॅकला वर बटण हाय. दाबलं की आवाज बंद. एवढी नवीकोरी वायर कापायची काय गरज होती? माझ्या नावाची तर माती केलीतच, वर वायरसुद्धा गेली!"

"बटन ठाऊक हाय मला."

"मग?"

रावजीबुवांनी चंची उघडली. अडकित्ता काढला, सुपारी कातरली, अर्धी काशीरामपुढे धरली.

"बटन परत चालू करता येतं रे," ते म्हणाले.

काशीराम त्या अर्ध्या सुपारीकडे बघत राहिला. घ्यावी की भिरकावून द्यावी, हे त्याचं ठरत नव्हतं. दारात काठी वाजली. चांगूबाबा उंबऱ्याशी उभे होते, कपाळावर आठ्या.

"काशीराम, हितं काय बसलायस सुपारी खात? तितं मागं आंब्याखाली काय सुदीक ऐकू येत नाय. पोरीचा आवाज वाढव."

"आलो, आलो," काशीराम ओरडला आणि सुपारी तोंडात टाकून मिक्सरकडे निघाला.